राळेचे थेंब

विन्कोच्या मधमाश्यांच्या घराला दर्शनी बाजूने रंगवलेल्या फळ्या होत्या, प्रत्येक पेटीला एक. त्यातली खालच्या रांगेतली एक तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकून दाखवायचा. फळीवर दोन सैतान एका म्हातारीची जीभ धार लावायच्या चाकावर धरून घासताहेत. एक चाकाचा दांडा फिरवतोय, दुसऱ्याने जीभ चिमट्यात पकडलीय. "ही आमची नेझा," विन्को म्हणायचा. त्यावर त्याची बायको नेझा लगेच म्हणायची, "आणि दांडा फिरवणारा हा. शिंगं बघा, हुबेहूब." मग पाहुण्यांना हसावं की नको ते कळायचं नाही, आणि ही दोघं मात्र पोट धरून हसायची.

नेझाचं तोंड म्हणजे अखंड चालणारं प्रकरण होतं. पोस्टमन तिच्या दारात सायकल लावायचा तो आधी घड्याळ बघून. चर्चमधून बाहेर पडल्यावर तिला घरी पोचायला दुपार व्हायची. माश्यांच्या घरातसुद्धा ती बोलत बोलतच शिरायची, आणि विन्को म्हणायचा, "जरा थांब गं, त्यांना त्यांचंही काही बोलू दे."

आता विन्कोला जाऊन दुसरा हिवाळा सरत आला होता, आणि नेझाची जीभ खरोखरच कुणी चाकावर धरावी तशी झाली होती. जिभेच्या कडेला, टोकाला, ओठांच्या आत, गालांच्या आत पांढरे खड्डे आणि भोवती लालभडक कडा. एक भरत आला की शेजारी दुसरा उठायचा. आंबवलेली कोबी गेली, अक्रोड गेले, कडक सालीचा पाव गेला. कोमट दुधात कुस्करलेला पाव आणि पातळ बटाट्याचं सूप, तेही डोळे मिटून. बोलणं तर जवळजवळ संपलंच. पोस्टमन आला की ती मान हलवायची. रडायचीही चोरी होती, कारण खारट पाणी ओठांवर उतरलं की असं काही भाजायचं की रडण्याचं मूळ कारणच ती विसरून जायची.

उपाय सगळे करून झाले. गावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, रक्तात काही सापडलं नाही, तरी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. दंतवैद्याने आधी एक दाढ घासली, मग उपटली. शेजारच्या त्सिल्काने कसल्या कसल्या पानांचा काढा करून दिला आणि तो प्यायला की नाही हे बघायला समोर बसून राहिली. प्रत्येकजण विचारायचा, "आणखी काही घेता का?" नेझा मान हलवायची. काही नाही. आणि ती खोटं बोलत नव्हती.

विन्कोने माश्या नेझाच्या स्वाधीन केल्या होत्या. दवाखान्यातल्या त्या शेवटच्या दुपारी त्याला नीट बोलता येत नव्हतं, तरी त्याने तिचं मनगट धरून एवढंच म्हटलं होतं, "माश्या तुझ्या." त्यामुळे तोंड असं झालं तरी ती रोज माश्यांच्या घरात जायची. ते घर म्हणजे एक लाकडी खोली. तिच्या एका भिंतीत पेट्या कपाटाच्या कप्प्यांसारख्या एकावर एक बसवलेल्या. माश्या बाहेरून ये-जा करतात, माणूस आत उभा राहून मागची दारं उघडतो. तिथे विन्कोचं जाकीट अजून खिळ्यावर होतं.

विलोच्या झाडांना नुकते कोंब फुटत होते तेव्हा गाश्पेरला ती त्याच खोलीत जमिनीवर बसलेली सापडली. गाश्पेर म्हणजे विन्कोचा धाकटा भाऊ. आयुष्यभर बस चालवली, आता निवृत्त होऊन तोही माश्या पाळतो. आवाज अजून बसच्या मागच्या बाकापर्यंत पोचेल असा.

"वहिनी! पडलीस की काय?"

"बसले," नेझा म्हणाली. तेवढ्या एका शब्दाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बसलीस म्हणे. रंग बघ तुझा, चुन्यासारखा. काय खाल्लंस आज? सांगू नकोस, कळतंय मला. हे बघ, बाभळीचा मध सुरू झाला की पोळ्याची एकेक चौकट उचलताना माझे दंड भरून येतात. तू काय उचलणार? माश्या मी घेऊन जातो."

नेझाने मान हलवली.

गाश्पेर टोपी काढून डोकं खाजवत राहिला. मग खाली बघत म्हणाला, "आणखी एक सांगू? राग येईल तुला. तू त्यांना सांगितलं नाहीस."

त्या भागात गाय मरते, कुत्रा मरतो, पण माणूस वारतो आणि मधमाशी वारते. असं मानाचं नातं असलं की मग बातमीही रीतसर पोचवावी लागते. घरधनी गेला की शवपेटी घराबाहेर पडायच्या आत कुणीतरी घराची किल्ली घेऊन प्रत्येक पेटीवर टकटक करतं आणि सांगतं: तुमचा धनी वारला, आता अमुक तुमची धनीण, जाऊ नका. त्या दिवशी गाश्पेर म्हणाला होता, मी सांगतो. नेझा म्हणाली होती, नाही, मीच सांगणार. किल्ली घेऊन गुडघाभर बर्फातून ती गेलीही होती. हात वर केला, आणि साऱ्या गावाला ऐकू जाणारं तिचं तोंड उघडलंच नाही. मग बर्फ ओसरल्यावर सांगू, मग पहिली फुलं आल्यावर सांगू, असं होत होत राहूनच गेलं. गाव काही विसरत नाही.

"ज्या तोंडाने सांगायचं होतं तेच तोंड धरलंय," गाश्पेर पुटपुटला. "मी नाही म्हणत, त्सिल्का म्हणते."

"चेरीला फुलं येईपर्यंत," नेझा एकेक शब्द जपून काढत म्हणाली. "तोवर बरं नाही झालं, तर ने."

बोलून गेली आणि लगेच पस्तावली. पण शब्द दिला तो दिला. चेरीची झाडं खिडकीतूनच दिसत होती.

त्याच आठवड्यात गावच्या डॉक्टरांनी तिला राजधानीत, ल्युब्लियानाला, त्वचेच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. तोंडाच्या रोगाला कातडीचा डॉक्टर कशाला, असं तिच्या मनात आलं, पण वाद घालायला तोंड कुठे होतं? डॉक्टर ब्रेझोवार ही चाळिशीची, कान मोठे आणि हसू त्याहून मोठं अशी बाई होती. तिने आधीच निरोप पाठवला होता: तुमच्या तोंडाला ज्याचा ज्याचा स्पर्श होतो ते सगळं एका पिशवीत घालून आणा. नेझाने प्रामाणिकपणे पिशवी भरली होती. टूथपेस्ट, चहा, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, त्सिल्काच्या काढ्याची पानं, ओठांना लावायचं मलम, कवळीची डबी.

डॉक्टरने एकेक वस्तू टेबलावर मांडली, वास घेतला, मागचं बारीक छापलेलं वाचलं. मग बॅटरी घेऊन बराच वेळ तोंडात बघत राहिली. "अरे देवा," ती हळूच म्हणाली. आजवर एकही डॉक्टर असं म्हणाला नव्हता, आणि नेझाला एकदम बरं वाटलं.

"अजून काही घेता का, बाई?"

नेझाने मान हलवली. तपासताना तोंड ताणलं गेल्यामुळे आत आग आग होत होती. डॉक्टर लिहायला वळली, तेवढ्यात नेझाने कोटाच्या खिशातून छोटी तपकिरी बाटली काढली, झाकणाच्या नळीने तीन थेंब जिभेवर सोडले आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा डॉक्टरचं पेन हवेत थांबलं होतं.

"ते काय होतं?"

"काही नाही," नेझा म्हणाली. "माश्यांची राळ."

डॉक्टरने स्वतःच्या टेबलाचा खण ओढला आणि आतून तसलीच तपकिरी बाटली काढून नेझाच्या बाटलीशेजारी ठेवली. "माझे बाबा करतात," ती म्हणाली. "घसा धरला की मी पण घेते. आणि मी तुम्हाला विचारलं, तुम्ही म्हणालात काही नाही, आणि मला ते पटलं सुद्धा! कधीपासून घेताय?"

कधीपासून म्हणजे काय? पोपलरच्या झाडाच्या कळ्यांवरचा चीक माश्या आणतात आणि पेटीतली भेग न् भेग त्याने बुजवतात. विन्को ती राळ खरवडून घरी गाळलेल्या आलुबुखारच्या दारूत घालायचा आणि बाटल्या हिवाळाभर खिडकीत ठेवायचा. बोट कापलं, राळ. दाढ दुखली, राळ. गायीच्या सडाला चीर पडली, राळ. त्या गावांत एखाद्या घरात मीठ संपेल, ही बाटली संपायची नाही. मग ते औषध कसलं, ते तर घरातलं.

नेझाने मोडक्या वाक्यांत सांगितलं. विन्को गेल्यावर झोप उडाली, तेव्हा जिभेवर एकच फोड आला होता, साधा, सगळ्यांना येतो तसा. त्यावर तिने थेंब सोडला. झोंबलं. 'झोंबतंय म्हणजे लागू पडतंय' असं विन्को म्हणायचा. मग फोड वाढला, म्हणून थेंब वाढवले. शेवटच्या शरद ऋतूत त्याने केलेल्या बाटल्यांची एक रांग फडताळात होती. आता ही एक आणि घरी आणखी एक, एवढ्याच उरल्या. त्या संपल्यावर काय करायचं, या विचाराने अलीकडे तिला तोंडापेक्षा जास्त भीती वाटायची. शेवटचं वाक्य मात्र ती बोलली नाही.

डॉक्टरने तिच्या पाठीवर चौकोनी पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक पट्टीखाली कसला ना कसला कण होता: दालचिनी, पुदिना, दातांचा धातू, कसली कसली रसायनं, राळ. शिवाय एका कोपऱ्यात खुद्द विन्कोच्या बाटलीतला एक थेंब. "दोन दिवस पाणी लावायचं नाही, खाजवायचं नाही. मग आपण पाठीलाच विचारू."

दोन दिवस नेझा भाचीकडे ताठ बसून राहिली. पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी उजव्या खांद्याच्या खाली खाज सुटली, मग तिथेच जळजळ. ही जळजळ तिच्या ओळखीची होती. गेलं वर्षभर ती तिच्या तोंडात राहत होती. तिने भाचीला काही सांगितलं नाही, खुर्चीत बसून ती तेवढी जळजळ ऐकत राहिली.

पट्ट्या काढल्यावर डॉक्टरने दोन आरसे धरून तिला तिची पाठ दाखवली. बासष्ट वर्षांत नेझाने स्वतःची पाठ कधी पाहिली नव्हती. गोरी, तीळ असलेली, खारीक झालेल्या बाईची पाठ. पेनाने आखलेल्या घरांच्या ओळीच्या ओळी, सगळी घरं रिकामी, फिकट. आणि त्यात दोनच घरं लाल, सुजलेली, वर बारीक पाण्याचे फोड. एक डॉक्टरच्या राळेचं. दुसरं विन्कोच्या थेंबाचं.

"पाठीला कसं कळलं?" नेझा म्हणाली. दुखणं विसरून, पूर्ण आवाजात म्हणाली. "पाठीने तर ती कधी चाखलीच नाही!"

"कुठेतरी एकदा ओळख पटली की अंगभर बातमी पोचते," डॉक्टर म्हणाली. "जीभ तेच तर ओरडून सांगत होती तुम्हाला. तुम्ही तिला गप्प करायला तेच पाजत होता. मीही पाजलं असतं, खरं सांगते." तिने आपली बाटली उचलली, जरा संशयाने तिच्याकडे बघितलं आणि खणात परत टाकली.

नेझा आरशात बघतच राहिली. आपल्या आत कुणीतरी आहे, आपल्याला न विचारता पहारा देणारं, एकदा पाहिलेलं न विसरणारं, आणि आपण त्याच्याशी वर्षभर भांडत होतो, असं तिला वाटलं. चर्चमध्ये मोठा ऑर्गन वाजला की व्हायची तशी तिची छाती भरून आली. तिने ब्लाऊजची बटणं लावली.

"माश्या सोडाव्या लागतील का?" तिने शेवटी विचारलं. हा प्रश्न ती गाडीतून येतानाच ओठांवर धरून बसली होती.

"हातमोजे घाला. राळ खरवडायचं काम दुसऱ्याला द्या. मध पुढे बघू, थोडा थोडा. पण ही बाटली नाही. एक थेंबही नाही."

घरी आल्यावर नेझाने बाटली खिडकीत ठेवली. पहिल्या संध्याकाळी तिचा हात सवयीने खिशात गेला, खिसा रिकामा लागला, आणि मग जे झालं ते तिला कुणाला सांगता आलं नसतं. दिवसातून इतक्या वेळा झाकण उघडायचं, आणि दर वेळी विन्कोच्या जाकिटाचा वास यायचा. धूर, दारू, पोपलरच्या कळ्या. ती औषध घेत नव्हतीच. ती त्याला भेटायला जात होती. हे कळल्यावर ती टेबलाशी बसून राहिली आणि जिभेने आतले खड्डे चाचपत राहिली. पण बाटली उघडली नाही.

आठवडाभर काही फरक नाही. मग गालातला एक खड्डा उथळ झाला. नवीन उठला नाही. ती रोज सकाळी आरशासमोर जीभ काढून उभी राहायची, आणि रोज काहीतरी बुजलेलं असायचं. कोण बुजवत होतं? तिने तर काहीच केलं नव्हतं, फक्त एक गोष्ट करायची थांबवली होती. एका सकाळी कॉफीचा घोट गिळून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की कॉफी गरम होती, आणि काहीच झालं नाही. ती कप धरून तशीच उभी राहिली. मग मुद्दाम आणखी एक घोट घेतला.

ईस्टरच्या टेबलावर तिने हॅमवर किसलेला ह्रेन घेतला. ह्रेन म्हणजे मोहरीला लाजवील असं झणझणीत मूळ, नाकातून थेट टाळूपर्यंत जातं. त्सिल्का ओरडली, "अगं मरशील!" नेझाचं नाक लाल झालं, डोळे वाहायला लागले, ती ठसकली, खोकली, आणि टेबलावर हात आपटून हसायला लागली. कारण हे झोंबणं सगळ्यांचं होतं. टेबलाभोवती प्रत्येकाचं नाक लाल होतं.

दुसऱ्या दिवशी चेरीची झाडं पांढरी झाली, आणि त्याच दिवशी गाश्पेरचा ट्रक अंगणात शिरला. त्याने दोर आणले होते, गोणपाट आणलं होतं.

"वहिनी, शब्द म्हणजे शब्द," तो खाली उतरता उतरता म्हणाला.

"शब्दाची तू मला काय शिकवणी देतोस? ये इकडे. हे बघ." आणि तिने भर अंगणात त्याच्यासमोर जीभ बाहेर काढली.

गाश्पेर दोन पावलं मागे सरला, मग वाकून बघायला लागला. "गेलं की सगळं!"

मग नेझाने सांगायला सुरुवात केली. बाटली, खण, दोन आरसे, पाठ, घरांच्या ओळी, सगळं. वर्षभराचं साठलेलं होतं. गाश्पेर ट्रकच्या पायरीवर बसला, मध्ये दोनदा "पण" म्हणाला आणि दोन्ही वेळा त्याला पुढे जाता आलं नाही. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे विन्कोच्या हाताने...?"

"विन्कोचा हात कुठे? माझा हात. बरं, आता आलाच आहेस तर हे धर." तिने त्याच्या हातात खरवडणी दिली. "राळ काढायचं काम आजपासून तुझं. डॉक्टरांचा हुकूम आहे."

"मी पेट्या न्यायला आलो होतो!" गाश्पेर म्हणाला. पण बाही वर सारत होता.

दोघांनी वसंतातली सफाई सुरू केली. नेझाने कोपरापर्यंत हातमोजे चढवले होते. खालच्या रांगेतली, त्या जिभेच्या फळीची पेटी उघडली तेव्हा कोपऱ्यात चौकटीमागे काहीतरी तपकिरी, चकचकीत दिसलं. गाश्पेरने खरवडणीच्या टोकाने ते अलगद सोडवलं आणि तळहातावर घेतलं.

उंदीर होता. शेपूट पोटाशी ओढून झोपल्यासारखा. अंगभर राळेचा पातळ थर, मिशांचे केसही मोडलेले नव्हते. वास नाही, किडा नाही.

"ऊब शोधत शिरला असणार," गाश्पेर आवाज खाली आणून म्हणाला. "डंख मारून मारला. पण एवढं ओझं त्यांना बाहेर नेता येतंय थोडंच? सडला तर सगळ्यांचं मरण. म्हणून मग असं."

"कधीचा असेल?"

"राळ बघ किती कडक झालीय. विन्कोच्या वेळचा."

नेझा वाकून बघत राहिली. नखाएवढ्या माश्यांनी कळ्याकळ्यांवरून थेंब थेंब आणून एक आख्खा मृत्यू गुंडाळून ठेवला होता, आणि त्याला खेटून अंडी घातली होती, मध भरला होता, दोन हिवाळे काढले होते. तीच राळ. तिच्या जिभेला जाळणारी, तीच.

"फेकू?" गाश्पेरने विचारलं.

"चेरीखाली पूर," ती म्हणाली. "मी आलेच."

ती घरात गेली आणि दाराची किल्ली घेऊन आली. गाश्पेरने किल्ली पाहिली, टोपी काढली आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

नेझाने हातमोजे काढले. वरच्या रांगेतल्या पहिल्या पेटीवर किल्लीने तीनदा टकटक केली. "तुमचा धनी विन्को वारला," ती म्हणाली. "आता मी आहे. जाऊ नका."

आत गुंजारव एकदम उसळला, लाकडावर टेकलेल्या तिच्या बोटांना तो जाणवला, आणि मग तितक्याच हळूहळू निवला. ती दुसरीपाशी गेली, तिसरीपाशी गेली. प्रत्येक पेटी एकदा हुंकारली आणि शांत झाली. हजारो जीव, आणि प्रत्येक वेळी ऐकून घेतल्यासारखे थांबत होते. नेझाचा आवाज कापला नाही.

शेवटी ती खालच्या रांगेतल्या पेटीसमोर गुडघ्यांवर बसली. टकटक केली. "विन्को वारला," ती म्हणाली. मग तिने कपाळ पेटीला टेकवलं आणि आतला आवाज निवेपर्यंत तशीच राहिली.

डोळ्यांतलं पाणी गालांवरून ओघळत ओठांच्या कोपऱ्यांतून तोंडात गेलं. तिने जिभेने चाखलं. खारट होतं. झोंबलं नाही.